भाईचा माळा

आषाढातला चिखलात खेळायचा चिखलकाला झाला की आमच्या गोव्यातल्या माशेलात गणेशचवथीचे वेध लागतात. चवथ म्हणजे घर झाडणं, आणि घर झाडणं म्हणजे माळा. परवा पाऊस जरा उघडला म्हणून चहाला तिंठ्यावर जमलो, तर भाई आल्या आल्या दत्तावर घसरला.

"हा पात्रांव काल माझ्या माळ्याचे फोटो काढून गेला. म्हणे, यातलं नव्वद टक्के काढून टाक!"

दत्ता सध्या साधेपणाच्या नादात आहे. त्या जपानी मारी कोन्दोबाईचे व्हिडिओ बघतो. वस्तू हातात घ्यायची, आनंद झाला तर ठेवायची, नाही तर आभार मानून निरोप द्यायचा. त्यासाठी म्हापशाहून प्लास्टिकचे चाळीस पांढरे डबे आणलेत.

"आमचा वाटणाचा दगडी रगडो हातात घेऊन दाखव," भाई म्हणाला. "आनंद राहू दे, कंबर जाईल."

दत्ताने साध्या जगण्यावर बोलायला सुरुवात केली, पण नंदाने त्याला पुढे जाऊच दिलं नाही. "त्या बाईने २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं, तिसरं मूल झाल्यापासून टापटीप राखणं तिने जवळजवळ सोडून दिलंय. तुझी डब्यांची खरेदी चालूच. चाळीस डबे ठेवायला आता कपाट घे."

भाई खो खो हसला. नंदा त्याच्याकडे वळली.

"तू हसू नको रे. तुझा माळा झाडतं कोण?"

भाई भज्यांकडे बघू लागला.

"वहिनी. गेल्या चवथीला शिडीवरून पाय घसरला तिचा, दोन आठवडे लंगडत होती. वस्तू तुझ्या आजोबांच्या, आठवणी तुझ्या, आणि जळमटं तिची?"

यावर तिंठ्यावर कोणी बोललं नाही. मला हे एक वाक्य पुरेसं होतं. घरात काय राहावं हे ठरवताना झाडू हातात असणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, ही आपल्या सगळ्याच घरांची गोष्ट आहे.

भाईने मग कायदा काढला. घर चौघांच्या नावावर, एक भाऊ मुंबईला, एक लिस्बनला, बहीण पुण्याला. पाणी तापवायची एक भाण विकायची तर चार सह्या. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथे गोव्यात मुलगा-मुलगी सगळे वारस, २०१२ च्या वारसा कायद्यातही तेच. बापाला मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्याच्या निम्म्याचीच मनासारखी व्यवस्था लावता येते. "आमच्या शेजारी कोर्टात वाटणीची इन्व्हेंटारी झाली," भाई म्हणाला, "तेव्हा तांब्याच्या भाणीवरसुद्धा सख्ख्या भावांनी बोली लावली."

"म्हणूनच म्हणते, माणसं असताना वाटा," नंदा म्हणाली.

मग तिने बाबांच्या घराचं सांगितलं. ते गेल्यावर तिने आणि बहिणीने पंधरा दिवस घर काढलं. छत्र्यांचे नुसते सांगाडे सत्तावीस. लोखंडी पेटीत आईची नऊवारी. घडी उलगडली तशी रेघेवरच फाटत गेली. पुस्तकांना हात लावला तर आत वाळवीची माती, वरती नुसते पुठ्ठे. वर्षाला शंभरावर इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात माळ्यावर काय टिकणार? तळाला एस्कुदोची चार नाणी आणि एक फोटो. ओसरीवर उभी असलेली बाई, कडेवर मूल.

"ती कोण, हे बाबांना ठाऊक असणार. वर्षभरापूर्वी पेटी उघडली असती तर एका मिनिटात सांगितलं असतं. आता फोटो फेकवत नाही, आणि ठेवून तरी काय करू?"

ऐकून मी मागच्या रविवारी आईची पेटी उघडली. आई एक्याऐंशी वर्षांची. एकेक वस्तू हातात देत गेलो, ती बोलत गेली, मी वहीत उतरवत गेलो. संध्याकाळी तिनेच अर्धी पेटी बाजूला काढली. "ही रोवळी कामाची नाही, पण गोष्ट लिहून घेतलीस ना? मग दे कोणाला." नंदाचं म्हणणं मला पटतं ते यासाठी.

"तर मग माझा नांगर?" भाईचा धीर सुटला. "पणजोबांचा आहे!"

"बाणावलीला 'गोवा चित्र' बघून ये. जुनी शेतीची अवजारं मांडलीत तिथे, मुलं येऊन बघतात. तिथला नांगर नांगर दिसतो. तुझा वाळवीचं घर आहे."

आपलं कोणी ऐकत नाही म्हणून वैतागलेल्या दत्ताने मोबाइल काढला. "हे बघा तरी, काय अवस्था आहे!" फोटो हातोहात फिरला. नंदाने बोटांनी मोठा करून बघितला.

"मागे ते निळं काय रे? राजवाड्याचे खांब दिसतात."

मी वाकून बघितलं. आमच्या उत्सवी नाटकाचा रंगवलेला पडदा! १९९८ साली हरवला तो. हरवला म्हणून मंडळाने दत्ताकडून आठशे रुपये भरून घेतले होते, आणि त्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने ओरडणारा भाई होता. तेव्हापासून या दोघांचं प्रत्येक भांडण फिरून पडद्यावर येतं.

क्षणभर कोणाला काही सुचेना. मग चहावाल्यासकट सगळे जे हसत सुटले ते थांबेचनात. दत्ता टेबल बडवून ओरडत होता, "व्याजासकट! अठ्ठ्याण्णवपासून व्याजासकट!"

भाईने डोळे पुसले. "पैसे नाहीत रे बाबा. व्याजात रगडो घेऊन जा."