कॅनाचं दुकान, काकांचा आक्षेप आणि माझं कुलूप

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी राग आला. तिरमिरीत उत्तर लिहायला बसले, चार ओळी लिहिल्या, खोडल्या आणि झोपले. सकाळी चहा घेताना परत वाचली, तेव्हा कळलं की तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यावर भांडायचंय, म्हणून हे लांबलचक.

ज्यांनी आधीचं काही वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहते. मागच्या महिन्यात मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या कॅना बेटावरच्या दुकानाबद्दल लिहिलं होतं. दाराला कुलूप नाही, गल्ल्यावर माणूस नाही; हवं ते घ्यायचं, पैसे डब्यात टाकायचे. त्यावर काकांनी लिहिलं: "ताई, शिंगणापुरातही घरांना दारं नाहीत, म्हणून आम्ही अख्खा नगर जिल्हा सुरक्षित म्हणायचा का? माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट म्हणून तिकडे इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात रुजू होतेय. पोलिसांचा गुन्ह्यांचा ऑनलाइन नकाशा उघडून बघितला, तर एका महिन्यात १४ गुन्हे, त्यातले ६ 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे'. तुम्ही तिकडे राहता म्हणून तिकडचं गोडगोड लिहिता. आपल्या रंगाच्या माणसाला तिथे कसं वाटतं यावर एक अक्षर नाही. आणि तुम्ही स्वतः रात्री दाराला कुलूप लावता की नाही, तेवढं खरं सांगा."

शिंगणापूरचा टोला सपशेल लागला. मी कॅनाची गोष्ट सांगितली आणि जिथे खरं तर सुरुवात व्हायला हवी होती तिथेच थांबले. २०१५च्या जूनमध्ये त्या दुकानात चोरी झाली: चॉकलेटं, बिस्किटं, कॉफी, बॅटरी आणि हाताने विणलेल्या सहा लोकरी टोप्या. सगळं मिळून दोनेकशे पौंडांचा माल. त्याआधीची चोरी म्हणून लोकांना आठवत होती ती थेट १९६०च्या दशकातली, चर्चमधून गेलेली एक कोरीव लाकडी थाळी. जगभरच्या वर्तमानपत्रांना ही बातमी गोड वाटली, मलाही वाटली. पण तेव्हा बेटाची वस्ती होती अवघी २६च्या आसपास. आता भागाकार करा. २६ माणसांत एक चोरी म्हणजे हजारी ३८. त्या वर्षी आणखी दोन चोऱ्या झाल्या असत्या, तर आकडा हजारी ११५ झाला असता. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांचं प्रमाण (फसवणुकीचे सोडून) गेल्या काही वर्षांत हजारी ८०-९०च्या घरात आहे. म्हणजे कुणाला तरी तीन रात्री बिस्किटांची हुक्की आली असती, तर कॅना कागदोपत्री सबंध इंग्लंडच्या सरासरीपेक्षा धोकादायक ठरलं असतं!

तुमच्या १४ गुन्ह्यांचंही तेच आहे, आणि इथे मी तुमच्याशी भांडते. छोट्या गावाच्या आकड्यात एक दारुडा किंवा एक भांडखोर कुटुंब सगळा आलेख वरखाली करतं. त्यातून गाव जर बाजाराचं असेल, तर दुकानात चोरी करणारा बाहेरून येतो, पण भागाकार होतो तो तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने. याचा कळस बघायचा तर लंडनच्या पोटातली 'सिटी ऑफ लंडन' बघा. २०२१च्या जनगणनेत राहणारी माणसं नऊ हजारांच्या आत, दिवसा कामाला येणारी काही लाख. तिथला दरडोई गुन्ह्यांचा आकडा काढला तर तो थट्टेचाच विषय होतो.

आता तो नकाशा. २०११ पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे आणि घर शोधणारा प्रत्येक जण तो उघडतो. आम्हीही उघडला होता. पण त्यावरचा ठिपका म्हणजे गुन्ह्याची खरी जागा नव्हे. कुणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून गुन्हा जवळच्या एका ठरावीक बिंदूवर सरकवतात, आणि त्या बिंदूच्या कक्षेत किमान आठ पत्ते असावे लागतात (किंवा एकही नसावा). शहरात आठ पत्ते एका जिन्यात सापडतात. खेड्यात त्यासाठी अर्धा मैल जावं लागतं. त्यामुळे आमच्या गावातली निम्मी भांडणं नकाशावर चर्चच्या वाहनतळात झालेली दिसतात. बिचारे पाद्रीबुवा!

'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' हे शीर्षक वाचून कुठल्याही बापाच्या पोटात गोळा येईल. पण या एका पोतडीत बलात्कारापासून ते फोनवर धमकीचे संदेश पाठवण्यापर्यंत आणि पबबाहेरच्या कुणालाच इजा न झालेल्या ढकलाढकलीपर्यंत सगळं भरलेलं असतं. त्या सहांमध्ये काय आहे, हे नकाशा सांगत नाही. मीही 'काही नसेल हो' असं म्हणणार नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की त्या भागात २०१४ नंतर हिंसा कितीतरी वाढली. वाढली असेलही, पण २०१४ हे सालच मोठं फसवं आहे. त्या वर्षी जानेवारीत पोलिसांच्या गुन्हे-नोंदींचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा दर्जा काढून घेतला गेला, कारण नोंदी विश्वासार्ह नाहीत असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये पोलिसांवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांचा अहवाल आला: लोकांनी सांगितलेल्या दर पाच गुन्ह्यांपैकी जवळपास एक पोलिसांनी नोंदलाच नव्हता, हिंसेच्या बाबतीत तर तिनातला एक. मग दट्ट्या बसला आणि नोंदी नीट होऊ लागल्या. साहजिकच आकडे चढले. त्यातलं किती पोलिसांचं पेन चालू लागलं म्हणून आणि किती खरोखर हाणामाऱ्या वाढल्या म्हणून, हे वेगळं काढणं अवघड आहे. देशपातळीवर त्यासाठी दुसरा रस्ता आहे. १९८२ पासून इथे घरोघरी जाऊन 'तुमच्या बाबतीत काय घडलं' असं विचारणारी पाहणी होते, पोलिसांकडे न गेलेले गुन्हेही तिच्यात येतात. पण ती हजार वस्तीच्या गावाबद्दल काहीच सांगू शकत नाही. गावापाशी उरतं ते फक्त पोलिसांचं दप्तर.

आणि दप्तर कोरं असणं म्हणजे काय, यावर मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. चुकलंच माझं.

पॅसिफिक महासागरात पिटकेर्न नावाचं बेट आहे, ब्रिटनच्या ताब्यातलं. 'बाउंटी' जहाजावर १७८९ साली बंड करणाऱ्या खलाशांचे वंशज तिथे राहतात. २००४ मध्ये वस्ती होती ४७च्या आसपास. बाहेरच्या जगाला ते स्वर्गासारखं वाटायचं: विमानतळ नाही, सगळे एकमेकांचे नातेवाईक, चोऱ्यामाऱ्यांचा प्रश्नच नाही. १९९९ मध्ये इंग्लंडच्या केंटमधली एक पोलीस अधिकारी तिथे काही काळासाठी गेली होती. तिच्याजवळ एक मुलगी बोलली. मग एकेक धागा उसवत गेला आणि लहान मुलींवर होत आलेल्या बलात्कारांची चाळीस वर्षांची कहाणी बाहेर आली. २००४ मध्ये बेटावरच खटला चालला. सात पुरुषांवर आरोप होते, म्हणजे बेटावरचा साधारण प्रत्येक तिसरा पुरुष. सहा दोषी ठरले, त्यांत तेव्हाचा महापौरही होता. अत्याचार सोसलेल्या बायकांनी साक्षी दिल्या त्या न्यूझीलंडमधून, व्हिडिओवरून. खटल्याच्या आधी बेटावरच्याच काही बायकांनी पत्रकारांना सांगितलं की आमच्याकडे हे असंच चालत आलंय, यात गुन्हा कसला. 'ब्रिटिश कायदा आम्हाला लागूच नाही' हा आरोपींचा युक्तिवाद २००६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (अशा बेटांसाठीचं शेवटचं अपील न्यायालय) फेटाळला.

१९९८ साली कुणी पिटकेर्नचा नकाशा उघडला असता, तर त्यावर एक ठिपका दिसला नसता.

म्हणून मी आता गावाच्या आकड्यापेक्षा वेगळंच विचारते: इथे काही झालं तर सांगायचं कुणाला, आणि सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी दुकानात आपल्याशी कोण कसं बोलेल? जिथे डॉक्टर, सरपंचवजा पॅरिश कौन्सिलर आणि घरात मारणारा नवरा असे तिघं एकाच क्रिकेट संघात असतात, तिथे बाई १०१ (इथला पोलिसांचा तक्रारीचा नंबर) फिरवताना दहादा विचार करते. मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहते. निळं पडलेलं मनगट आणि 'कपाटाच्या दारावर आपटलं हो' हे वाक्य मी एकाहून जास्त वेळा ऐकलंय. त्यातलं किती नकाशावर गेलं असेल, तुम्हीच समजा.

याच्या उलट टोकाचंही एक सांगते, मुद्दा सोडून वाटलं तरी. खेड्यात नोंदला गेलेला गुन्हा प्रत्यक्षात घडलेलाच नसतो, असंही या देशात शेकड्यांनी झालं. गावोगावच्या टपाल कचेऱ्या चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात हजारो पौंडांची तूट दिसायची. ती होती 'होरायझन' या संगणकप्रणालीच्या चुकांमुळे, पण चोर ठरली ती माणसं. हॅम्पशायरच्या साउथ वॉर्नबरोतल्या जो हॅमिल्टन यांच्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोर्टात जाऊन मागे उभे राहिले. सगळ्यांच्या नशिबी असं गाव नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली, त्यात त्याही होत्या. यातल्या कितीतरी जणांची आडनावं पटेल-मिश्रा अशी होती, हेही लक्षात घ्या.

तिथून तुमच्या रंगाच्या प्रश्नाकडे येते. टाळला होता मी तो, कबूल.

इथली ही 'नेबरहुड वॉच' भानगड (शेजाऱ्यांनीच परिसरावर नजर ठेवायची) १९८२ मध्ये चेशायरच्या मॉलिंग्टन या गावात सुरू झाली आणि देशभर पसरली. आमच्या वेशीवरही तिची पाटी आहे, उन्हाने फिकी पडलेली. खरा पहारा आता व्हॉट्सॲपवर असतो. तीन वर्षांपूर्वी माझा दीर नाशिकहून आला होता. नोव्हेंबरची संध्याकाळ, माकडटोपी घालून गडी फिरायला बाहेर पडला आणि जुनी दगडी घरं बघून हरखून फोटो काढत सुटला. वीस मिनिटांत गटावर संदेश: 'अनोळखी इसम, सावळा, घरांचे फोटो काढतोय, कुणी ओळखतं का?' मी लिहिलं, 'ओळखते. माझा दीर आहे.' त्यावर तीन हसरे चेहरे, दोन 'सॉरी लव्ह', आणि एका आजींनी दुसऱ्या दिवशी केक आणून दिला. दिराला ही गंमत वाटली. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण मी गटावर नसते तर पुढे काय झालं असतं, हे मला माहीत नव्हतं.

आणि २०२४चा ऑगस्ट. जुलैच्या अखेरीस साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी कोण याबद्दल खोटी अफवा उठली आणि गावोगावी दंगली पेटल्या. रॉदरहॅममध्ये तर आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला. आमच्या गावात काहीही घडलं नाही. तरी त्या आठवड्यात मी बस टाळली, मुलाला फुटबॉलला पाठवलं नाही, आणि दुकानात रोजच्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांकडे जरा जास्तच बघत राहिले. आमच्या पोलिसांच्या दप्तरात तो आठवडा कोरा असणार.

एवढं सगळं लिहूनही मुलीला पाठवू नका असं मी म्हणणार नाही. गेल्या सहा वर्षांत माझ्या घराचं नुकसान झालं ते इतकंच: शेडमधली सायकल गेली, आणि २०२२ मध्ये इंधनाचे भाव भडकले तेव्हा परसातल्या टाकीतलं हीटिंगचं तेल कुणीतरी नळी लावून काढून नेलं. (गावात गॅसची पाइपलाइन नाही, सगळ्यांच्या परसात अशी टाकी असते.) दोन्ही वेळा फोनवर तक्रार घेतली, विम्यासाठी क्रमांक दिला, पोलीस काही आला नाही. शेतकऱ्यांचं दुःख मोठं आहे, त्यांच्या क्वाड बाइक आणि ट्रॅक्टरवरची जीपीएस यंत्रं टोळ्या येऊन उचलतात. एकट्या भाडेकरू मुलीच्या वाट्याला ते येणार नाही.

तिला नकाशा बाजूला ठेवून एवढं विचारायला सांगा. दवाखान्यातून सुटल्यावर शेवटची बस किती वाजता असते? आमच्याकडची संध्याकाळी सहा दहाची आहे. डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो. बसथांब्यापासून घरापर्यंत दिवे आहेत का? बऱ्याच गावांत नाहीत, कारण लोकांनाच तारे बघायचे असतात. घरात मोबाइलला रेंज येते का? तिच्याआधी तिथे नोकरीला असलेल्या परदेशी मुली किती दिवस टिकल्या? शेवटचा प्रश्न दवाखान्यातल्या वरिष्ठांना नव्हे, तिथल्या केरळच्या नर्सेसना विचारायचा. त्या असतातच, आणि खरं सांगतात.

राहिलं माझं कुलूप. लावते, काका. पुढच्या दाराला रोज, विम्याच्या अटीत तसं लिहिलंय म्हणून. मागच्या दाराला २०२४च्या ऑगस्टपर्यंत लावत नव्हते. आता तेही लावते आणि त्याची एक किल्ली केक आणणाऱ्या आजींकडे असते.