पप्याचं डिझाइन आणि चाचांचा डोंगल

विंडोज टेनचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या नेहमीच्या अपडेट, मायक्रोसॉफ्टनं बंद केला ते सगळ्यांना माहितीय, १४ ऑक्टोबर २०२५ पासून घरोघरचे भाचे-पुतणे तेच समजावून सांगतायत, त्यामुळे परत उगाळत नाही. आमच्यापुरता विषय एवढाच की पप्याच्या फ्लेक्सच्या दुकानातला पीसी, ज्यानं विधानसभा, लोकसभा, साखर कारखाना आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या झाडून सगळ्या भावी नगरसेवकांचे वाढदिवस काढलेत, तो इलेव्हन घेईना. टीपीएम टू पॉइंट झिरो, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप, पाहिजे म्हणतो. पप्या काँप्युटरवाल्याला म्हणाला, 'मग बसवून टाक की, एखादं जुनं-बिनं असंल तर बघ.' काँप्युटरवाल्यानं सांगितलेला आकडा अख्ख्या नव्या मशीनचा निघाला. तेव्हापासून पप्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसला की कुणी 'काय चाललंय' विचारायचा अवकाश, थेट अमेरिकेपासनं सुरू.

'एवढी मोठी कंपनी, आणि गरिबाचं चालू मशीन बंद पाडती. हरामखोरी आहे ही.'

'विंडोज कितीला घेतलंवतंस?' मुलाणी चाचांनी विचारलं.

पप्या चहा ढवळत बसला. कटिंग चहा कुणी ढवळत नाही.

'न्हाई, मी आपलं विचारलं. जे घेतलंच न्हाईस त्याची वॉरंटी संपली म्हणून रडाय लागलायस, म्हटलं पावती बघावी एकदा.'

चाचा कोण ते सांगतो. ट्रेडल मशीनच्या जमान्यात खिळे जुळवायला बसलेला माणूस, नंतर काँप्युटरवर पानं लावायचं पेजमेकर शिकला, नंतर डिझाइनचं कोरल शिकला, आता रिटायर होऊन पप्याच्या लग्नपत्रिकांची प्रुफं फुकट वाचतो, चहाच्या बोलीवर. सांगलीत ऱ्हस्व-दीर्घ अजून जिवंत असेल तर त्यातला निम्मा हिस्सा ह्या माणसाचा आहे.

आता इथं सुन्या नसता तर विषय संपला असता. सुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे आणि कुणाचंही काहीही बिघडलं तरी त्याचं औषध एकच. त्यानं तोंड उघडायच्या आत आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, 'लिनक्स टाक!' लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकटची सिस्टीम, जिचा सोर्स, म्हणजे आतला कोड, कुणालाही उघडून बघता येतो. सुन्या म्हणाला, 'हसा. पण जुन्या मशीनवर मस्त चालतंय, पैसा लागत नाही, कोण नोटीस पाठवत नाही.'

'शिवजयंतीला चाललंवतं ना मस्त,' पप्या म्हणाला. हे जुनं दुखणं. सुन्याचा लॅपटॉप लावला, पडद्यावर सगळं दिसलं, पण आवाज येईना, शेवटी अध्यक्षांनी मोबाईलवर पोवाडा लावून माईकपुढं धरला आणि मधेच अध्यक्षांच्या सासूचा फोन आला. तो फोन अख्ख्या चौकानं ऐकला. सुन्या अजून म्हणतो एचडीएमआयची केबल खराब होती. असेल.

पप्याची बाजू अगदीच टाकाऊ नाही, हेही लिहायला पाहिजे. फ्लेक्सच्या मशीनला फाईल छापण्याजोगी करून देणारं रिप सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर कोरलची सीडीआर फाईल घेऊन येतं, आणि इंकस्केप, म्हणजे कोरलसारखंच पण फुकटचं, म्हटलं की सीएमवायकेची, म्हणजे छपाईच्या चार रंगांची, बोंब. 'स्क्रीनवर भगवा आणि फ्लेक्सवर विटकरी आला तर मंडळाची पोरं मलाच विटकरी करतील,' तो म्हणाला. ह्यावर सुन्याकडं उत्तर नव्हतं, म्हणजे होतं, पण त्यात 'स्क्रायबसमध्ये नेऊन कलर प्रोफाइल' वगैरे आलं आणि लोकांनी लक्ष काढून घेतलं.

तेवढ्यात विकी आला. विकी हिंजवडीचा, सध्या वर्क फ्रॉम होम म्हणून आईच्या हातचं खायला सांगलीत. हा पायरीवर बसत नाही, पँटला डाग पडतो. उभ्या उभ्या बोलतो, आणि बोलताना असा हात करतो की जणू मागं स्लाइड चालू आहे.

'बेसिकली तुझा प्रॉब्लेम माइंडसेटचा आहे,' विकी म्हणाला. 'सबस्क्रिप्शन घे ना. एक्स्पेन्स म्हणून दाखव. डेव्हलपर्सनी मेहनत केलीय, त्यांचा आयपी, इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी, रिस्पेक्ट केला पाहिजे. आणि ओपन सोर्सचं म्हणशील तर सिक्युरिटीच्या नावानं शंख. गेल्या वर्षी, नाही, २०२४ ला, ते एक्सझेडचं, लिनक्समधल्या फाईली दाबायच्या प्रोग्रॅमचं, काय झालं? कुणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून आत शिरला आणि बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, बसवून बसला.'

'आणि पकडला कुणी?' सुन्या एकदम ताठ झाला. 'मायक्रोसॉफ्टच्याच इंजिनिअरनं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेला. खोदायला सोर्स उघडा होता म्हणून सापडलं ना?'

'अर्धा सेकंद?' पप्या म्हणाला. 'माझा पीसी चालू व्हईपर्यंत मी दुकान झाडून पूजा करतो. मी कुणाकुणाला पकडायचं?'

विकीनं परत आयपी काढला तसा कुणीतरी, बहुतेक मीच, विचारलं की काल रात्री ग्रुपवर टेलिग्रामवरचा पिक्चर कुणी टाकला, थेटरात लागून आठवडा झाला नव्हता. विकी म्हणाला ते पर्सनल यूज आहे. गोव्याच्या ट्रिपचे पैसेही तो पर्सनल यूजमध्येच धरतो बहुतेक, अजून आलेले नाहीत.

पण खरी मजा पुढंच झाली. आयपी, चोरी, मेहनत हे शब्द कानावर पडले आणि पप्या पेटला. त्याला विंडोजचा विसर पडला. पुढच्या चौकातल्या फ्लेक्सवाल्यानं त्याचं बॅनर ढापलं होतं. व्हॉट्सअपवरनं फोटो उचलला, पुढाऱ्याचं तोंड बदललं, खालची शुभेच्छुकांची रांग बदलली, बाकी ढग, वाघ, उगवता सूर्य, सोनेरी अक्षरं सगळं जसंच्या तसं.

'रात्री दोनपर्यंत बसून केलंवतं मी! त्या वाघाच्या मिशा एकेक करून कापल्यात कोरलमध्ये. ह्याला काय मेहनत नाही का? सरळ चोरी आहे ही.'

'वाघ कुठनं आणलावतास?' चाचा.

'गूगलवरनं.'

'फॉन्ट?'

'तो... पेनड्राइव्हवर होता.'

'आन कोरल?'

पप्या काय बोलणार.

'म्हंजे वाघ दुसऱ्याचा, अक्षर दुसऱ्याचं, हत्यार दुसऱ्याचं. तुझ्या फक्त मिशा. मग मिशांपुरती केस टाक की.'

दोन मिनिटं कुणाला बोलता येईना. पप्याही हसत होता पण हट्ट सोडेना. म्हणाला, माझ्याकडं पुरावा आहे. पुरावा काय, तर त्याच्या मूळ बॅनरवर युनिकोडमधनं, म्हणजे आजच्या सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांमधनं, जुन्या फॉन्टमध्ये मजकूर नेताना रफार उडाला होता आणि 'कार्यसम्राट'चं 'कायसम्राट' झालं होतं. त्या फ्लेक्सवाल्यानं ते तसंच छापलं. दोन चौकांत दोन कायसम्राट. 'ही चूक माझीच आहे, ती दुसरा कोण करूच शकत नाही,' असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. चाचा म्हणाले, प्रुफ मला दाखवलं न्हवतंस.

मग चाचांनी डोंगलचं काढलं. आम्ही ते ऐकलेलं आहे, पण विकी नव्हता तेव्हा.

चाचांनी आयुष्यात एकच सॉफ्टवेअर विकत घेतलं, पूर्ण पैसे मोजून, बायकोच्या बांगड्या सोडवायच्या ठेवून. मराठी टायपिंगचं. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याबरोबर एक डोंगल यायचा, काड्याच्या पेटीएवढा, पीसीच्या मागं प्रिंटरच्या जागी लावायचा, तो असला तरच अक्षरं उमटायची. त्याच्यावर पत्रिका, शाळांची गॅझेटं, पतसंस्थांचे अहवाल, दोन कवितासंग्रह, एका संस्थेची पन्नाशीची स्मरणिका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातल्या खोलीत पीसी, डोंगल, सगळं पाण्याखाली. फाईली वाचल्या, कारण त्या सीड्यांवर होत्या आणि सीड्या माळ्यावर. चाचांनी कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं ते व्हर्जन आम्ही बंद केलं, नवं घ्या, जुन्या फाईली त्यात उघडतीलच असं नाही.

'आता उघडलं की काय दिसतंय म्हायतीय? फुली, डॉलर, उलटं प्रश्नचिन्ह. स्मरणिकेत हेडमास्तरांचं मनोगत होतं, ते गेले. त्यांचा पोरगा मागाय आलावता. काय देऊ त्याला, डॉलर?'

विकी म्हणाला, 'पण कन्व्हर्टर असतात ना ऑनलाइन.' असतात. पण ते ठरावीक फॉन्टांचे. ज्यांना हे भोगावं लागलेलं नाही त्यांना सांगतो, युनिकोड सर्रास व्हायच्या आधी प्रत्येक कंपनीनं क कुठल्या नंबरवर ठेवायचा हे स्वतःच ठरवलेलं होतं. एकाचा क दुसऱ्याकडं स्वल्पविराम. हे ठरवून केलं का सोयीनं झालं ह्यावर चाचांचं एक मत आहे, ते छापण्यासारखं नाही. मराठीतला वीसेक वर्षांचा मजकूर असा कुलपात पडून आहे, आणि तो लिहिणारे-टाइप करणारे आपणच, किल्ली मात्र दुसऱ्याकडं.

'खिळ्याचं तसं न्हवतं,' चाचा म्हणाले. 'मुंबईच्या फाउंड्रीतनं किलोवर घेतले की ते माझे. छापून झालं की परत खणात. झिजले, वितळवा. शेजारच्या प्रेसला ण कमी पडला तर मी मूठभर दिलेत, त्यानं मला ळ दिलेत. कुणी येऊन म्हटलं न्हाई की ह्या ण चं व्हर्जन बंद झालं.'

विकी इथं 'बट चाचा' म्हणाला आणि पुढं काही सुचलं नाही म्हणून मोबाईल बघायला लागला.

मग गाडी हळदीवर गेली. सांगलीत कुठलीही गाडी शेवटी हळदीवर जाते. पप्याचे वडील मार्केट यार्डात अडत्याकडं दिवाणजी होते, त्यामुळं पेटंट म्हटलं की त्याला १९९५ आठवतं, अमेरिकेत मिसिसिपीच्या मेडिकल सेंटरनं हळदीनं जखम भरते ह्याचं पेटंट घेतलं होतं ते. 'माशेलकरांनी उलटं पाडलं ना ते,' पप्या म्हणाला, आवाजात असा अभिमान की जणू बॅनर त्यानंच छापलं होतं. पाडलं, १९९७ ला. पण कसं पाडलं हे सुन्यानं सांगितलं आणि ह्या बाबतीत मला सुन्याला मार्क द्यावे लागतील. आमची आजी लावत होती एवढं म्हणून भागलं नाही. छापलेलं दाखवावं लागलं. सीएसआयआरनं, म्हणजे माशेलकरांच्या सरकारी संशोधन संस्थेनं, ३२ संदर्भ शोधून काढले, त्यात जुने ग्रंथ होते आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही. 'म्हणजे कुणीतरी उघड्यावर लिहून ठेवलं होतं म्हणून वाचलं,' सुन्या म्हणाला. 'लपवून ठेवलं असतं तर गेलं होतं. सोर्स उघडा ठेवायचा तो ह्याच्यासाठी.'

हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, वर्षानुवर्षं हळद टिकायची, हे खरं, पण पेव दाखवून पेटंट रद्द होत नाही. (सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, २०१८ ला मिळालं, त्याचंही बॅनर पप्यानं केलं होतं. त्यात रफार नव्हता, त्यामुळे बरोबर आलं.)

विकीला आता काहीतरी जिंकायचंच होतं. 'मग एवढं चांगलं आहे तर वापरत का नाही कोणी? लोकांना नको आहे. मार्केटनं रिजेक्ट केलंय.'

'लोकांपर्यंत पोचलंच कुठं?' सुन्या म्हणाला. 'बिल गेट्स १९९८ ला काय म्हणाला होता, चीनबद्दल? चोरणारच आहेत तर आमचंच चोरू देत, सवय लागली की पैसे कसे घ्यायचे ते पुढच्या दहा वर्षांत बघू. आपल्याकडं तेच झालं. शंभर रुपयांत सगळं भरून मिळत होतं, मग फुकटचं कोण शिकतंय.'

चाचांनी कप खाली ठेवला. 'चोरीचा माल दारात आलावता, म्हणून हक्काचा माल कुणी बघितलाच न्हाई. एवढंच हाय ते. आन आता चोरीचा बंद व्हाय लागला तर म्हणतोय हरामखोरी.'

मला विचाराल तर ह्या सगळ्या भांडणातलं खरं वाक्य हेच. कोरलचा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, नसता तर सीएमवायकेची बोंब एव्हाना पप्यासारख्या हजार दुकानदारांनीच ठणाणा करून दुरुस्त करून घेतली असती. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर तिकडं कोण बघतंय.

पप्या म्हणाला, मी काय मुद्दाम टाळतो का, मला चालणारं द्या, मी घेतो. त्यावर चाचांनी दुकानाच्या काचेकडं बोट केलं. पप्याच्या स्वतःच्या पाटीवर 'फ्लेक्स, पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड' हे सगळं बालू फॉन्टमध्ये आहे, दरपत्रक मुक्तामध्ये. दोन्ही मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे, दोन्ही खुल्या परवान्याचे, धंद्यात वापरले तरी कोण विचारत नाही. पप्याला पत्ता नव्हता. तो त्यांना इतकी वर्षं 'तो जाडा' आणि 'तो सरळ' म्हणतो.

'म्हणजे हे दोन मी चोरलेले नाहीत?'

'न्हाई.'

'बघा!' पप्या विकीला म्हणाला, जणू हायकोर्टातनं निर्दोष सुटला.

तर ठरलं असं की रिपचा पीसी आहे तसा राहू दे, नेट काढून, आणि पत्रिकांचा दुसरा पीसी आहे त्याच्यावर येत्या रविवारी सुन्यानं लिनक्स टाकून द्यायचं. आवाज आला नाही तरी चालेल, पत्रिकेला आवाज लागत नाही. विकीनं 'मी रिमोटली सपोर्ट करतो' सांगितलं, त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

सुन्या म्हणाला, 'फक्त एक पेनड्राइव्ह लागंल. ८ जीबीचा चालतोय, पण पूर्ण मोकळा पाहिजे, मी फॉरमॅट मारणार.'

पप्यानं खिशातनं किल्ल्यांचा जुडगा काढला, त्याला लटकलेला पेनड्राइव्ह सोडवला, सुन्याच्या हातात ठेवला आणि परत काढून घेतला.

'ह्याच्यात सगळे क्रॅक आहेत लेका. आधी कुठंतरी कॉपी करून ठेव.'