परदेशातून : रविवारचं मटण कोणी रांधायचं?

पुण्यात रविवारच्या जेवणावरून दोन तट पडलेत. एकांना वाटतं, मोबाइलवर मटणथाळी मागवली की घरपण गेलं. दुसरे विचारतात, घरातल्या बाईनं सुट्टी कधी घ्यायची? प्रश्न रास्त आहे. तरी त्यासाठी घरी रांधलेलं रविवारचं जेवणच बंद करावं हे मला पटत नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या खाणवस्त्यांमधून हे लिहितोय. इथली केलिंग्ली ही ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. रविवारचं रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांसाचं जेवण, मात्र टिकलं. खाणकामगाराला कोळसा सवलतीत मिळायचा, म्हणून मांस तासन्‌तास भाजणं परवडायचं. मांस मात्र महाग. त्यामुळे आधी ग्रेव्हीसोबत यॉर्कशायर पुडिंग (नावात पुडिंग असलं तरी गोड नाही, ओव्हनमध्ये फुगवलेलं पिठाचं) वाढून भूक मारायची. किलोभर मटणात दहा जण जेवायचे तर आपण रस्सा वाढवतो, तोच हिशेब.

पुडिंगला १४० ग्रॅम मैदा, ४ अंडी, २०० मिली दूध, चिमूटभर मीठ. भाजलेलं मांस बाहेर काढून अर्धा तास झाकून ठेवतात, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. तेवढ्यात रिकामा ओव्हन २२० अंशांवर न्यायचा, साच्याच्या प्रत्येक वाटीत चमचाभर चरबी धुरावेपर्यंत तापवायची आणि पीठ ओतायचं. चरबी कोमट असेल तर पुडिंग चिकटतं, फुगत नाही. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही; वाफेनं फुगलेल्या कडा घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली की ते बसतं.

हे सगळं बाईच करायची. सोमवार धुण्याचा, म्हणून त्या दिवशी रविवारचं उरलेलं गार मांस. खाणीवर न्हाणीघरं येईपर्यंत काळ्याठिक्कर नवऱ्याच्या आणि मुलांच्या आंघोळीचं पाणीही तीच तापवायची. तिचे कष्ट वगळून परंपरेचे गोडवे गाऊ नयेत, इथेही आणि पुण्यातही.

काम वाटता येतं. पुडिंगचं पीठ आदल्या रात्री भिजवलं तरी चालतं, तसंच आपलं वाटण शनिवारी होतं. कांदा चांगला भाजा, पण सुकं खोबरं तांबूस होताच उतरवा; करपलं तर रस्सा कडू. मटण आणेल त्यानंच ते धुऊन, हळद-मीठ, आलं-लसूण लावून बिनमसाल्याचं शिजत टाकावं. रश्शात पाणी उकळतंच घालावं. भाकऱ्या दुसऱ्यानं थापाव्यात. आणि भांडी कोण घासणार हे मटण आणायच्या आधी ठरवा, नाहीतर ती पुन्हा तिच्याच वाट्याला येतात.