हापशाच्या दांड्याची अर्धवट गोष्ट

लंडनला लेकीकडे गेले होते तेव्हा सोहोमधल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर मुद्दाम जाऊन आले. तिथे एक हापसा उभा आहे, बिनदांड्याचा. जवळच्या पबला डॉ. जॉन स्नो यांचं नाव. पटकी, म्हणजे कॉलरा, पाण्यातून पसरते असं सांगणारे ते डॉक्टर. गृहस्थांनी आयुष्यातली बरीच वर्षं दारूला हात लावला नव्हता, ते सोडा!

गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. १८५४ साली पटकी आली, स्नोंनी नकाशा काढला, हापशाचा दांडा काढायला लावला, साथ थांबली. इतकी गुळगुळीत गोष्ट मला पचत नाही. नकाशा नंतरचा. आणि ८ सप्टेंबरला दांडा निघाला तोवर साथ ओसरू लागली होती, कारण कितीतरी लोक घरंदारं सोडून पळाले होते. ३१ ऑगस्टच्या रात्रीपासून दहाएक दिवसांत पाचशेच्या आसपास माणसं गेली होती.

मला भावतो तो तिथला तरुण पाद्री, हेन्री व्हाइटहेड. रोग घाणेरड्या हवेतून येतो असंच तेव्हा बहुतेकांना वाटे. स्नोंचं पाण्याचं म्हणणं यालाही पटेना, म्हणून ते खोडून काढायला हा निघाला. मेलेल्यांची नोंद सरकारदरबारी होतीच. हा जगलेल्यांच्या दारात गेला, पुन्हा पुन्हा गेला. ब्रॉड स्ट्रीटवर (ब्रॉडविक स्ट्रीटचं तेव्हाचं नाव) त्या हापशाचं पाणी प्यायलेल्या १३७ जणांपैकी ८० आजारी पडले होते, न प्यायलेल्या २९७ पैकी फक्त २०. गडी स्वतःच्याच आकड्यांपुढे हरला आणि तसं त्याने कबूलही केलं. आपल्यातले किती जण करतील?

पुढे ४० नंबरच्या घराचा छडाही त्यानेच लावला. साथीच्या आधी तिथलं तान्हं बाळ जुलाबाने आजारी पडलं होतं. आई लंगोट धुऊन ते पाणी घरापुढच्या मैल्याच्या टाक्यात ओतायची. टाक्याच्या विटा ढिल्या झालेल्या, आणि हापशाची विहीर जेमतेम तीन फुटांवर.

बाळ गेलं. मग बापाला पटकी झाली, तीही नेमकी ८ सप्टेंबरला. म्हणजे दांडा निघाला त्याच दिवशी. त्याचीही घाण त्याच टाक्यात जात होती. तेव्हा दांड्याने सरत आलेली साथ थांबवली नसेल, पण दुसरी बहुधा अडवली, आणि हे त्या दिवशी कुणाच्या गावीही नव्हतं.

अकरा दिवसांनी तो बापही गेला. फुटपाथवर उभी होते तेव्हा मला सारखी ती आईच आठवत होती. बादलीत लंगोट धुणारी.