मेंढा-लेखाला ॲप लागलं नव्हतं, मग आपल्याला कशाला?

भाऊ, ग्रामसभेच्या कामात फोनचा उपयोग करावा, असं मी तैवानचं उदाहरण देऊन लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मोबाइलवरची ग्रामसभा म्हणजे सरपंचाच्या पोरांची ग्रामसभा. बायांच्या हाती फोन नाही, रेंजचा पत्ता नाही, आणि ग्रामसभेतून कारभार चालवणाऱ्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला कोणतं ॲप लागलं होतं? फोनवर ठराव मंजूर करायला माझाही तुमच्याइतकाच विरोध आहे. घरात एकच फोन असला तर मतही तो ज्याच्या खिशात, त्याचंच.

पण मेंढा-लेखाचं उदाहरण तुम्ही अर्धंच घेतलं. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, हे खरं. त्याआधी अभ्यास गट बसतो, कायदा वाचतो, बाहेरच्या जाणकारांशी बोलतो. 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही तयारी आहे. आपल्या गावांत नेमकी तीच होत नाही.

आपल्याकडे गणपूर्तीला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला, 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. आमच्या भागातल्या एका गावात पांदण रस्त्याचा, म्हणजे शेतात जायच्या वाटेचा, विषय असाच निघाला. कोणता पांदण, कुठून कुठपर्यंत, खडीकरण की नुसतं मातीकाम, हे सभेत बसल्यावर कळलं. ज्यांच्या वावराला लागून तो जाणार, त्या बाया कापूस वेचायला गेलेल्या. मागाहून रजिस्टर घरोघरी फिरलं, सह्या-अंगठे झाले आणि ठराव 'एकमताने' मंजूर. या सभेत ना ॲप होतं ना चर्चा.

म्हणून मी बोलतो ते सभेच्या आधीचं आणि नंतरचं. ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ 2020 मध्ये सुरू झालं. आपल्या ग्रामपंचायतीचा वर्षाचा आराखडा तिथे कुणालाही पाहता येतो. बचत गटाच्या बैठकीत एका ताईने आपल्या फोनवर तो उघडून मोठ्याने वाचला की साऱ्या जणींना पुरतो. प्रत्येकीच्या हाती फोन असायची गरजच नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच सांगितलं आहे; तिथे काय विचारायचं ते या वाचनातूनच निघेल.

तैवानची गोष्ट मी लिहिली ती याच कारणाने. 2015 मध्ये उबर टॅक्सीचा वाद त्यांनी पोल डॉट इस नावाच्या साधनावर चर्चेला घेतला. त्यात दुसऱ्याच्या मुद्द्याखाली उत्तर लिहायची सोयच नाही. फक्त सहमत, असहमत किंवा 'पुढे चला', एवढंच निवडायचं. नाहीतर स्वतःचा वेगळा मुद्दा मांडा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या पोरीने पाणीपट्टीबद्दल लिहिलं की खाली लगेच 'तू कोणाची वं?' सुरू होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. तिचा मुद्दा तिथेच मरतो. तिचं नाव न सांगता तोच मुद्दा सभेपुढे आला तर निदान त्यावर बोलणं होईल.

रेंजचं म्हणाल तर दवंडी आणि नोटीस बोर्ड राहू द्याच, त्यांच्या जागी काही आणायचं नाही. फक्त एक मागणी पुढच्या ग्रामसभेत लावून धरा: इतिवृत्त सभेतच लिहून वाचून दाखवायचं, आणि त्या पानाचा फोटो लोक उठायच्या आत ग्रुपवर टाकायचा. त्याला एक फोन पुरतो, आणि मागाहून फिरणाऱ्या रजिस्टरात नवी ओळ घुसवणं अवघड होतं.