टर्बो बसवला तरी चेंबर का लागतो: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या एक्झॉस्टलाही चेंबर लागतोच, असे मी लिहिले होते, त्यावर आपण मिरजेहून दोन आक्षेप नोंदवले आहेत. टर्बो स्वतःच हवा दाबून भरतो, मग फुगीर पोटाच्या एक्स्पान्शन चेंबरला (एक्झॉस्ट पाइपच्या रुंद होऊन पुन्हा निमुळत्या होणाऱ्या भागाला) काम काय उरते, हा पहिला. आणि पुणे-मिरज मार्गावरच्या डब्ल्यूडीजी-४ या रेल्वेच्या डिझेल इंजिनाला असा चेंबर कुठे आहे, असे आपण त्याला जोडून विचारले आहे. दुसरा असा की, चेंबरच्या लांबीच्या माझ्या सूत्रात दाबाचा उल्लेखच नसल्याने ते टर्बोला लागू पडत नाही.

डब्ल्यूडीजी-४ चे उदाहरण नेमके आहे. साताऱ्याच्या स्टेशनात त्या इंजिनाचा आवाज ऐकत मीही उभा राहिलेलो आहे. त्यातले ७१० मालिकेचे सोळा सिलिंडरांचे डिझेल इंजिन टू-स्ट्रोकही आहे आणि टर्बोचेही. पण त्याच्या सिलिंडरच्या भिंतीत फक्त हवा आत घेणारे पोर्ट, म्हणजे भोके, असतात. धूर जातो हेडमधल्या व्हॉल्व्हांतून, आणि ते केव्हा मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. शिवाय आत येते ती नुसती हवा, त्यामुळे थोडी निसटली तरी डिझेल वाया जात नाही. आरएक्स १०० मोटरसायकलसारख्या पेट्रोल इंजिनात पोर्ट उघडणारा आणि मिटवणारा पिस्टनच असल्याने जो पोर्ट आधी उघडतो तोच शेवटी मिटतो, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (ताजे मिश्रण आत आणणारे) बंद झाल्यावरही एक्झॉस्टचे दार काही अंश उघडेच राहते. टर्बो पेट्रोलमिश्रित हवा जितक्या जोराने आत ढकलेल, तितकीच ती त्या दारातून बाहेर धावेल. तिला परत लोटते ती चेंबरच्या शेवटच्या, निमुळत्या होत जाणाऱ्या कोनावरून परतलेली दाबाची लाट. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत वॉल्टर काडेन यांनी एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या रेसच्या गाड्यांवर हेच साधले होते. टर्बोमुळे ही गरज संपत नाही, उलट वाढते.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र सूत्र बरोबर आहे. वायूतला ध्वनीचा वेग दाबावर नव्हे, तापमानावर अवलंबून असतो. दाब दुप्पट झाला की घनताही दुप्पट होते आणि वेग जागच्या जागी राहतो. पसरणी घाट चढून पाचगणीला गेल्यावर कार्ब्युरेटरचा जेट बदलावासा वाटतो, पण चेंबर कापून कुणी नवा जोडत नाही, याचे कारण हेच. आता हिशेब पाहू. एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या फेरीतले १८० अंश, म्हणजे अर्धी फेरी, उघडा राहतो आणि इंजिन ७५०० आरपीएमला फिरते असे धरले, तर लाटेला ४ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाला ५२० मीटर वेगाने ती तेवढ्यात २.०८ मीटर जाते. जाणे-येणे मिळून हे अंतर असल्याने पोर्टपासून परतीच्या कोनापर्यंतची लांबी १.०४ मीटर येते.

माझी चूक या ५२० मध्ये आहे. आपण तिच्यावर बोट ठेवलेले नाही, पण आपल्या आक्षेपामुळेच मी पुन्हा आकडे मांडले. टर्बाइन (टर्बोचे धुराने फिरणारे चाक) चेंबरनंतर बसवले की ते वायूला अडवते आणि चेंबरमधला वायू अधिक तापतो. आम्ही १ मिलिमीटरच्या सीआर (कोल्ड-रोल्ड) पोलादी पत्र्याचे कोन वळवून केलेल्या पाइपचे पोट टर्बोनंतर जांभळे-निळे पडले होते. बिनटर्बोच्या पाइपवर त्याच जागी फक्त पिवळसर छटा होती. ही खूण मी तेव्हा शोभेची समजलो. वायू मी धरलेल्या ४०० ऐवजी ५०० अंश सेल्सियसला असेल तर लाट सुमारे ७ टक्के अधिक वेगाने धावते, दार मिटायच्या आधीच येऊन जाते, आणि त्याच पाइपचा जोर ७५०० ऐवजी ८००० च्या आसपास सरकतो.

टर्बाइन थेट पोर्टशी जोडून आखूड हेडर (पोर्टपासून निघणारी नळी) ठेवावा, ही आपली सूचना एका सिलिंडरला मानवणार नाही, कारण टर्बाइनवरून आपटलेली लाट फार लवकर परतते आणि धूर बाहेर पडत असतानाच आडवी येते. तीन सिलिंडरांचे इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १२० अंशांनी मागून येणाऱ्या शेजाऱ्याच्या एक्झॉस्टचा धक्काच पहिल्याचे दार लोटायला वेळेवर पोचतो, त्यामुळे आखूड, जोडलेला हेडर चालतो, आणि हे मी लिहायला हवे होते.

मूळ मजकुरातली लांबी मी टर्बोच्या पाइपपुरती १.०४ वरून १.११ मीटर केली आहे.