टेलचं पाणी

भाऊ, पाकिस्तानातल्या नव्या कालव्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘खायचं जळगावचं आणि जीव तोडायचा पाकिस्तानसाठी! पहलगाम झालं तेव्हा कुठे होतात? तो कालव्यांवरचा लेख काढून टाका.’ पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना मधला प्रश्न बोचला.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली, त्या संध्याकाळी मी फोनवर बाबरलोईचं धरणं बघत होतो. तिथे, पाकिस्तानच्या सिंध प्रांतात सख्खरजवळ, वकिलांनी महामार्ग अडवला होता. पाकिस्तानी पंजाबातल्या चोलिस्तान वाळवंटासाठी सिंधूतून नवा कालवा काढला की सिंधच्या वाट्याचं पाणी घटणार, म्हणून. पहलगामची बातमी आली आणि मी फोन उपडा ठेवला. पुढे लेख लिहिला तो मात्र फक्त कालव्यांवर. त्यात पहलगामचं एक वाक्यही नाही, ही माझी चूक.

पण पाकिस्तानसाठी जीव तुटतो, हे मान्य नाही. आम्ही सिंधी. आजोबा सख्खरसमोरच्या, सिंधूकाठच्या रोहडीचे. १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल झाली, त्यानंतर ते बोटीने मुंबईला आले. मग कल्याणची निर्वासित छावणी, म्हणजे कल्याण कॅम्प, मग जळगाव. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, जळगावच्या मेहरूण तलावावर ते आखो, म्हणजे तांदूळ-साखर, पाण्यात सोडायचे. ओले तांदूळ बोटांना चिकटलेले असायचे. रुमाल पुढे केला तरी घ्यायचे नाहीत, हात वाऱ्यावर सुकेपर्यंत तसेच उभे राहायचे. त्यांचा जीव त्या दरियात, म्हणजे सिंधूत होता. तिथलं सरकार कुणाचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तुम्ही खान्देशातले, तुम्हाला पाण्याचं वेगळं काय सांगू? गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात आणि वाट बघणारे आपण. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाण्याची पाळी, सुटलं तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या बांधाला पाणी लागेपर्यंत त्याचा जीव टांगणीला. सिंध म्हणजे सिंधू नदीचं टेल. कोटरीच्या, म्हणजे सिंधूवरच्या शेवटच्या बंधाऱ्याच्या खाली नदीत पुरेसं पाणी सुटत नाही, म्हणून समुद्र आत शिरतो आणि शेतं खारवतात.

आणि हेही लिहून ठेवतो. आजोबा निघाले तेव्हा शेजारी स्टेशनपर्यंत आले, रडले. पण आमच्यासाठी रस्ता कुणी अडवला नव्हता. बाबरलोईच्या घोषणा ऐकून अंगावर काटा येतो, आणि तेव्हाच हेही सलतं.

२३ एप्रिलला आपल्या सरकारने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित केला. मला वाटलं, बरोबर केलं. आजही तसंच वाटतं. त्याच रात्री नकाशावर रोहडी शोधत बसलो, कारण वर पाणी अडलं की आधी कोरडं पडतं ते टेलच. २८ तारखेला पाकिस्तानच्या केंद्र सरकारला कालव्यांवरून माघार घ्यावी लागली, तेव्हा डोळे भरून आले. हे सगळं एकाच माणसाला एकाच आठवड्यात वाटलं, भाऊ. त्यातलं कुठलं खोटं होतं, ते मला सांगता येत नाही.

पहलगामवर लिहायला बसलोय, या आठवड्यात टाकतो. कालव्यांवरचा लेख काढणार नाही.